उसन्या जमिनीवरचा खेळ

पतंग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गच्ची येते. संक्रांतीच्या आसपासचे कोवळे ऊन, मांजाने चिरलेली बोटे, 'ढील दे, ढील दे' म्हणून ओरडणारा धाकटा भाऊ आणि कापलेल्या पतंगामागे गल्लीभर धावणारी पोरे. या साऱ्या चित्रात माणूस खाली उभा असतो आणि पतंग वर. वाऱ्याची ओढ बोटांना जाणवते, पण तिचा उपयोग पतंग वर ठेवण्यापुरताच. ही ओढ इतकी वाढली की ती उभ्या माणसालाच खेचू लागली, आणि त्या माणसाने पाय रोवून उभे राहण्याऐवजी चाकांवर बसायचे ठरवले, तर? युरोपातल्या आणि न्यूझीलंडमधल्या समुद्रकिनाऱ्यांवर गेली तीस-पस्तीस वर्षे चाललेला एक खेळ म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे.

त्याला मी आपला पतंगगाडी म्हणतो. तीन चाके, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बसायला एक झोळी. पुढचे चाक पायांनी वळवायचे, कारण दोन्ही हात पतंगात गुंतलेले. इंजिन नाही आणि ब्रेकही नाही. पतंग कागद-कामट्यांचा नव्हे, तर कापडाचा. त्याला दोन थर असतात, मध्ये कप्पे असतात आणि समोरच्या तोंडांतून वारा आत शिरला की तो उशीसारखा फुगून विमानाच्या पंखाचा आकार घेतो. वीस-पंचवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या. दोन ओढीच्या, दोन आवरायच्या. याच पतंगाला गाडीऐवजी चाकांची फळी जोडली की त्याला लँडबोर्ड म्हणतात. फुगीर टायरांच्या त्या फळीवर पाय पट्ट्यांत अडकवून उभे राहायचे. वारा बरा असेल तर ही दोन्ही वाहने वाऱ्यापेक्षाही जास्त वेगाने पळतात. वारा आडवा घेतला की हे साधते. शिडाच्या होडीवर बसलेल्या कोणालाही त्याचे नवल वाटणार नाही.

कल्पना मात्र मुळीच नवी नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या चारचाकी गाडीचे पेटंट घेतले आणि घोडे न जुंपता ती गाडी भर रस्त्यावरून चालवून दाखवली. त्या काळी रस्त्यावरचा जकातकर घोड्यांच्या संख्येवर घेत. पोकॉकच्या गाडीला घोडाच नाही, तेव्हा नाकेवाल्याने घ्यायचे काय? गाडी फुकट सुटे, असे सांगतात. या मास्तरांनी आपल्या मुलीला, मार्थाला, पतंगाला टांगलेल्या खुर्चीत बसवून आकाशात चढवले होते. ती सुखरूप खाली आली हे क्रिकेटवर मोठेच उपकार झाले. कारण ही मार्था म्हणजे डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई.

पोकॉक यांची गाडी रस्त्यावरची होती आणि रस्त्यांवर तारा, झाडे व माणसे वाढत गेली, तसा तो प्रयोग तिथेच राहिला. १९९० च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या ॲशबर्टन गावच्या पीटर लिन या पतंग बनवणाऱ्या गृहस्थांनी हलकी तीनचाकी गाडी तयार केली, तेव्हापासून आजचा खेळ सुरू झाला. रस्ता सोडून तो किनाऱ्यावर आला. मोकळी सपाट जमीन आणि अडथळ्याविना येणारा वारा या दोन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची ती जागा.

गेली बरीच वर्षे मी पोकॉक मास्तरांच्याच शहराजवळ राहतो आणि सुट्टीच्या दिवशी ब्रिस्टल खाडीच्या किनाऱ्यांवर पतंगगाडी घेऊन जातो. या खेळाविषयी कळले की लोक पहिल्यांदा वेगाविषयी विचारतात, मग पडण्याविषयी, मग किमतीविषयी. जागेविषयी कोणी विचारत नाही. समुद्र आहे, वाळू आहे, मग जागेचे काय एवढे, असे त्यांना वाटत असावे. माझ्या अनुभवाने तर या खेळातले निम्म्याहून अधिक कसब जागा शोधण्यात आहे. आणि जागा म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. ती ठरावीक तिथीला, ठरावीक वाऱ्यात, चार-पाच तासांपुरती अस्तित्वात येते आणि पुन्हा नाहीशी होते.

नकाशा उघडून बसले तर ब्रिटनला किनाऱ्याची काय वाण? पण एकेक करून वगळत जावे लागते. कड्यांचा किनारा गेला. गोट्यांचा किनारा गेला, कारण त्यावर चाक फिरत नाही. बंदरे, गोदी, खाजणे गेली. जिथे वाळू आहे पण उतार तीव्र आहे, तिथे चालवायला पट्टाच उरत नाही. सपाट वाळू आहे पण ओहोटीलाही पाणी दूर जात नाही, तिथे चार पावलांत समुद्र किंवा चार पावलांत माणसे. उरतात ती मोजकी नावे. आमच्या बाजूला बर्नहॅमपासून बेरो, ब्रीन असा डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेला सुमारे सात मैलांचा सलग किनारा आहे. माझे धडे मी तिथेच गिरवले.

पहिला धडा वाळूचा. वाळू दिसायला सगळी सारखीच, पण तिच्यात तीन तऱ्हा असतात. वर, भरतीच्या रेषेपलीकडे, कोरडी भुसभुशीत वाळू. तिच्यात चाक रुतते आणि गाडी जागच्या जागी थांबते. खाली, पाण्याच्या काठाला, पाण्याने तुडुंब भरलेली वाळू. तिच्यात चाक जड होते. या दोहोंच्या मध्ये जो ओलसर, बारीक वाळूचा पट्टा असतो तोच आपल्या कामाचा. कणांच्या फटींत थोडे पाणी असते आणि त्या पाण्याच्या ओढीने कण एकमेकांना धरून बसतात. लहानपणी ओल्या वाळूचा किल्ला का टिकतो आणि कोरड्या वाळूचा का ढासळतो, याचे कारणही तेच. अशा पट्ट्यावर पाय टाकला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढरी, कोरडी होते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचा उलगडा केला. घट्ट बसलेले कण दाबाखाली सरकताना एकमेकांपासून थोडे दूर होतात, फटी वाढतात आणि वरचे पाणी आत ओढले जाते. मी नव्या किनाऱ्यावर गेलो की आधी टाचेने वाळू दाबून पाहतो. भोवती पांढरे वलय उठले आणि टाचेचा ठसा उथळ राहिला, तर चाक चालेल. टाच आत गेली आणि ठशात पाणी साचले, तर तिथून परतावे.

दुसरा धडा पाण्याचा, आणि तो ब्रिस्टल खाडीइतका कठोरपणे क्वचितच कोणी शिकवत असेल. जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींमध्ये या खाडीची गणना होते. ॲव्हनमाउथ बंदरात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चौदा मीटरच्या आसपास फरक पडतो. मुंबईला हाच फरक मोठ्या उधाणाला साडेचार-पाच मीटर असतो, म्हणजे तुलना करा. याचे कारण खाडीच्या आकारात आहे. अटलांटिकचे पाणी रुंद तोंडातून आत शिरते आणि पुढे नरसाळ्यासारख्या अरुंद, उथळ होत जाणाऱ्या भागात कोंडले जाऊन वर चढते. शिवाय खाडीची लांबी अशी की टबातले पाणी तालात हलवल्यावर जसे हेलकावत वर चढते, तसा भरतीच्या तालाशी तिचा ताल जवळजवळ जुळतो.

माझे गाव दापोली तालुक्यातले. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळी तक्ते लागत नाहीत. तिथीची पाऊणपट करायची की झाले. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आत-बाहेर. हे गणित डोक्यात घेऊन मी ब्रीनला गेलो आणि पाहतो तो अमावास्येच्या भर दुपारी समुद्र पार क्षितिजाकडे गेलेला! भरतीची लाट महासागरातून फिरत येते आणि प्रत्येक किनाऱ्यावर आपापल्या वेळेला पोहोचते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणची पाऊणपट निराळी. ब्रिस्टल खाडीत उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी-संध्याकाळी सात-आठच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी एक-दोनच्या सुमारास येते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस हेच आमचे सणाचे दिवस. दुपारी किनारा मैलभर रुंद होतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीच्या दिवसांत, पट्टा अरुंद राहतो. परदेशात राहूनही तिथी पाहायची सवय मला या खेळाने लावली आहे.

पण मैलभर रुंद झालेला किनारा सगळा आपला नसतो. या खाडीचे पाणी गाळाने तपकिरी असते. तो गाळ खालच्या भागात साचून तिथे खोल चिखल होतो. वर वाळू, खाली चिखल आणि दोहोंच्या मध्ये कुंपण नाही. जिथवर वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या दिसतात तिथवर बहुधा वाळूच असते. जिथे वळ्या संपून गुळगुळीत, चमकदार तपकिरी पृष्ठभाग सुरू होतो, तिथे हद्द संपली असे मी मानतो, आणि त्या हद्दीच्या बरेच अलीकडून वळतो. २००२ साली बेरोच्या किनाऱ्यावर चिखलात अडकून पाच वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर लोकांनी वर्गणी काढून बर्नहॅमच्या स्वयंसेवी बचाव पथकाला चिखलावरून जाणारे हॉवरक्राफ्ट घेऊन दिले. आजही किनाऱ्यावर धोक्याच्या पाट्या आहेत. नवख्या माणसाला त्या अतिशयोक्तीच्या वाटतात. त्या नाहीत.

भरती परत येण्याचा वेगही समजून घ्यावा लागतो. दर्यावर्दी लोक बारा हिश्श्यांचा एक ढोबळ नियम सांगतात. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढावाचा एक हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. बारा मीटर चढाव धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी ताशी तीन मीटर उंच चढते. किनाऱ्याचा उतार शंभर पावलांना एक पाऊल असेल, तर तेच पाणी तासाभरात तीनशे मीटर आत येते. ते सरळ रेषेत येईल याचीही खात्री नाही. वाळूत उथळ पन्हळी असतात. त्या आधी भरतात आणि समोर कोरडी वाळू दिसत असताना पाणी मागून वेढा घालते. म्हणून ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक, एवढाच वेळ मी धरतो. त्यानंतर वारा कितीही सुरेख असला तरी पतंग गुंडाळायचा.

तिसरा धडा वाऱ्याचा. समुद्रावर खेळणाऱ्यांना समुद्राकडून सरळ अंगावर येणारा वारा गैरसोयीचा वाटतो. आम्हाला तोच सोयीचा. किनारा उत्तर-दक्षिण, वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा तो आडवा मिळतो आणि मैलोन्‌मैल सरळ पळता येते. हाच वारा नैर्ऋत्येकडे झुकला, आणि ब्रिटनमध्ये तो बहुतेक वेळा तिकडूनच असतो, की उत्तरेकडे जाणे मजेचे आणि दक्षिणेकडे परतणे कष्टाचे होते. मग वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी वळणे घेत यावे लागते. त्यासाठी रुंदी लागते आणि रुंदी तर पाणी हळूहळू खात असते. त्यामुळे अशा दिवशी कष्टाचा पल्ला आधी आणि सोपा नंतर, हा नियम. जमिनीकडून येणारा वारा तर नकोच. तो घरे, झाडे, वाळूच्या टेकड्या यांना अडखळत, धक्के देत येतो. ब्रीनच्या उत्तर टोकाला समुद्रात घुसलेला ब्रीन डाउन हा ९७ मीटर उंचीचा चुनखडकाचा डोंगर आहे. दिसायला देखणा, पण वारा उत्तरेचा असला की त्याच्या आडोशाला हवेत भोवरे उठतात. पतंग एका क्षणी निपचित आणि दुसऱ्या क्षणी उधळलेला. अशा अडथळ्याचा परिणाम त्याच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत जाणवतो.

वाऱ्याचे आणखी एक गणित नवख्यांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. दहा नॉटच्या वाऱ्यात हवाहवासा वाटणारा पतंग वीस नॉटला चौघांच्या ताकदीने खेचतो. चौदा नॉटलाच ओढ जवळजवळ दुप्पट झालेली असते. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास मी पतंग बाहेरच काढत नाही. वाळूचे कण कुठवर उडताहेत, गवत किती वाकते आहे, झुळका किती अंतराने येताहेत, हे पाहतो. पतंग त्या दिवसाच्या जोरकस झुळकेला बेताचा निवडायचा, सरासरी वाऱ्याला नव्हे.

इथवरचे सगळे निसर्गाचे झाले. पुस्तके वाचून, तक्ते पाहून, चार वेळा भिजून ते शिकता येते. यानंतर येतो तो धडा माणसांचा, आणि कोणताही किनारा चांगला की वाईट हे अखेर त्यावर ठरते.

बेरोच्या वाळूत नॉर्वेच्या एका शिडाच्या जहाजाचा सांगाडा रुतलेला आहे. 'नॉर्नन' हे त्याचे नाव. १८९७ च्या मार्चमधल्या वादळात ते इथे फुटले. ओहोटीला त्याच्या बरगड्या वाळूतून वर येतात आणि ते पाहायला माणसे लांबून येतात. आम्हाला तो सांगाडा म्हणजे खूण आणि धोका दोन्ही. त्याच्याभोवती मुले असतात, छायाचित्रे काढणारे असतात, मोकळी सोडलेली कुत्री असतात. रस्त्यावर गाडीला जशी बाजू ठरलेली असते तशी वाळूवर ठरलेली नाही. चालणारा माणूस कधीही, कुठेही वळू शकतो आणि त्याला तो हक्क आहे. मला नाही. मी ब्रेक नसलेल्या गाडीत बसलो आहे आणि माझ्यापुढे पंचवीस मीटर अंतरावर ताणलेल्या दोऱ्या आहेत. आपल्याकडे नायलॉनच्या मांजाने गळे चिरल्याच्या बातम्या दर संक्रांतीला येतात. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर बंदीही घातली. आमच्या दोऱ्यांना काच लावलेली नसते, पण ताणलेली बारीक, मजबूत दोरी वेगाने अंगावर आली तर काय होते, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

एका हिवाळ्यात बेरोला रोज घोडा फिरवायला येणाऱ्या एका वयस्क बाईंशी ओळख झाली. घोड्याला पतंगाची सावली सहन होत नाही, म्हणून घोडा दिसला की पतंग खाली उतरवायचा, हा आमच्यातला साधा शिरस्ता. मी तसा उतरवला, तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इथे कुठल्या वेळेला येता, एवढे सांगाल का? मी त्या वेळी येणार नाही." मी म्हटले, "तुम्ही कधी येता ते सांगा. मी उशिरा येईन." त्यांची वेळ ओहोटीच्या दोन तास आधीची होती. माझ्या वहीत तेव्हापासून वाऱ्या-पाण्याच्या नोंदींशेजारी आणखी एक रकाना आला: इथे कोण, केव्हा येते. आज त्या वहीतला मला सर्वांत उपयोगी पडणारा रकाना तो आहे. शनिवारी सकाळी घोडे, रविवारी दुपारी कुटुंबे, ओहोटीच्या तासाला आमिषासाठी किडे खणणारे गळवाले. हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने उतरणारे पाणथळीतले पक्षीही त्यात आले. ओहोटीला ते चिखलात चरतात आणि भरतीला काठावर दाटीने विसावतात. आकाशातला पतंग त्यांना ससाण्यासारखा वाटतो आणि सगळा थवा उठतो. थंडीत जपून ठेवलेली ताकद अशी उडण्यात खर्च झाली की ती भरून काढायला त्यांच्यापाशी दिवस पुरत नाही.

हे सौजन्यापुरते नाही. लँकशरमधल्या सेंट ॲन्सचा किनारा शिडाच्या वाळूगाड्यांसाठी नावाजलेला होता. तिथे युरोपीय अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या आहेत. २००२ साली तिथे फिरायला आलेली एक स्त्री अशा गाडीच्या धडकेने मरण पावली आणि तिथला खेळ बंद झाला. शिडाची गाडी वेगळी, पतंगगाडी वेगळी, हे आम्ही जाणतो. किनाऱ्यावर मुलांना घेऊन आलेल्या आईला त्या फरकाशी काय कर्तव्य? बेरोची ती मुलगी आणि सेंट ॲन्सची ही बाई, दोघी एकाच वर्षी गेल्या. एकीला किनाऱ्याने नेले, दुसरीला किनाऱ्यावर खेळणाऱ्याने. पहिल्या धोक्याची पाटी लावता येते. दुसऱ्या धोक्याची पाटी म्हणजे आम्ही स्वतः.

म्हणून कित्येक ठिकाणी आता विमा काढल्याचा कागद आणि परवाना दाखवल्याखेरीज पतंग उघडता येत नाही. नव्या मुलांना हा जाच वाटतो. मला तो किनारा उघडा राहण्याचा हप्ता वाटतो. डेन्मार्कच्या रोमो बेटावर याहून चांगली व्यवस्था आहे. तिथला किनारा अफाट रुंद आणि इतका टणक की मोटारी वाळूवर येतात. वाळूगाड्या आणि पतंगगाड्यांना दक्षिणेकडचा वेगळा भाग नेमून दिलेला आहे. कोण कुठे, हे एकदा ठरले की कुरबूर उरत नाही.

आणि किनारा कायमचा कोणाचाच नसतो, हे वेल्समधल्या पेंडाइनने दाखवून दिले आहे. सात मैलांच्या त्या वाळूवर माल्कम कॅम्पबेल यांनी १९२४ साली ताशी १४६ मैलांचा मोटारीचा विक्रम केला. १९२७ मध्ये तिथेच विक्रमाच्या प्रयत्नात पॅरी टॉमस या चालकाचा मृत्यू झाला. पुढे वेग वाढले, तशी ती वाळू अपुरी पडू लागली आणि विक्रमवीर अमेरिकेकडे वळले. नंतर त्यातला बराच भाग लष्कराच्या चाचण्यांसाठी गेला. आज तिथे जायचे तर आधी लष्कराच्या गोळीबाराचे वेळापत्रक पाहावे लागते. भरतीच्या तक्त्यासारखाच तोही एक तक्ता.

अलीकडे गावी गेलो की दापोली-गुहागरकडची काही तरुण मुले मला गाठतात. 'काका, आपल्याकडे हे कुठे करता येईल?' असा त्यांचा प्रश्न. वाळू, पाणी, वारा एवढेच पाहायचे तर उत्तर सोपे आहे. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर खारे वारे पश्चिम-वायव्येकडून छान येतात, म्हणजे किनाऱ्याला जवळजवळ आडवे. मुरुड-कर्दे, केळशी, दिवेआगर इथे बारीक वाळूचे सपाट, लांब पट्टे आहेत. पाऊणपटीच्या गणिताने अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे चार वाजल्यापासून किनारा रुंद होत जातो आणि वारा अजून पडलेला नसतो. कागदावर याहून उत्तम वेळ सापडणार नाही.

आता चौथा रकाना भरू या. संध्याकाळी चार ते सात या वेळेत त्या वाळूवर कोण असते? सगळा गाव आणि सगळे पर्यटक! क्रिकेट, घोडागाड्या, भेळ, वाळूचे किल्ले. हौसेने मोटार पाण्यापर्यंत नेऊन ती रुतवणारे पाहुणेही त्यात आले. मासळीच्या गावी होड्यांचे दोर वाळूत आडवे असतात, जाळी वाळत असतात. हर्णैला तर लिलावाच्या वेळी बैलगाड्या पाण्यात उतरतात. आणि वेळास, आंजर्ले, दिवेआगर अशा किनाऱ्यांवर नेमक्या याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने वेळासला हे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. अंडी चोरीला जात होती तिथे आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात. त्या वाळूवर चाक नेण्याचा विचारही मला करवत नाही.

मी हर्णैला एका म्हाताऱ्या दर्यावर्दी काकांना फोनमधली चित्रफीत दाखवली होती. त्यांनी ती शेवटपर्यंत शांतपणे पाहिली. वाऱ्याचे त्यांना काडीचे कौतुक वाटले नाही. त्यांनी एकच विचारले, "थांबवतात कशी रे ही?" मी सांगितले की पतंग डोक्यावर आणायचा, गाडी वाऱ्याच्या तोंडाला वळवायची, मग ती थांबते. "किती अंतरात?" वेगावर अवलंबून आहे, मी म्हणालो. त्यांनी फोन परत दिला आणि समोर बोट केले. पाण्याच्या काठाने दोन पोरे खेकडे शोधत वाकून चालली होती, आमच्याकडे पाठ करून.

त्या मुलांना मी नाही म्हणत नाही. आपल्याकडेही हा खेळ यावा असे मला मनापासून वाटते. पेट्रोल न जाळता, आवाज न करता, निव्वळ वाऱ्यावर पळण्याचा आनंद कोकणातल्या पोरांनी का घेऊ नये? पण मी त्यांना सांगतो की पतंग विकत घेण्याआधी एक वही घ्या. आपल्या किनाऱ्यावर वर्षभर जा. भरती-ओहोटीला वाळू कुठवर टणक राहते ते टाचेने बघा. वारा कधी उठतो, कधी पडतो ते लिहा. आणि त्याच पानावर लिहा, या तासाला इथे कोण होते: कोळी, खेकडे धरणारी पोरे, कासव, फिरायला आलेल्या आजी. वर्षअखेरीला पाने चाळलीत की बहुतेक तासांवर कोणाची ना कोणाची नोंद सापडेल. पण कदाचित पौष-माघातल्या एखाद्या आडवाराच्या दुपारी, घरट्यांपासून आणि होड्यांपासून दूरच्या एखाद्या तुकड्यावर, चार ओळी कोऱ्या राहिलेल्या दिसतील. ग्रामपंचायतीकडे जाताना ते पान सोबत न्या. तुमची जागा तीच, आणि तेवढाच वेळ.